पावाचा हात

आज आम्ही तुम्हाला पावाचा आणि पाव करणाऱ्या मशीनचा इतिहास सांगणार आहोत. पण सुरुवात आमच्या फजितीपासून करावी लागेल, कारण ती झाली नसती तर या इतिहासाच्या वाटेला आम्ही गेलोच नसतो.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने एक घरगुती ब्रेड मशीन घेतलं. गटात आम्ही अकरा जणी. अंतर्गत कर्जातून नऊ हजार रुपये काढले. महिन्याला साडेसातशेचा हप्ता, व्याज वेगळं. हिशेब सोपा वाटला होता. तालुक्याच्या गावात नोकरदार कुटुंबं वाढली आहेत, मुलांच्या डब्याला ब्रेड लागतो. रोज दोन ताजे ब्रेड विकले गेले तरी हप्ता सुटेल, असं आम्ही ठरावात लिहिलं.

पहिला ब्रेड विटेसारखा निघाला. दुसरा छान फुगला आणि भाजता भाजता मधोमध खचला. तिसरा बाहेरून करपलेला, आतून कच्चा. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "पीठ मळायला मशीन आणलं, मग देवानं हात कशाला दिलेत?" तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. पण पुढच्या बैठकीत दोघींनी मशीन विकून टाकायचा विषय काढला आणि मग कुणी हसलं नाही. पैसा अकरा जणींचा होता.

आमच्यातल्या शिकलेल्या दोघी-तिघींनी माहितीपुस्तिका पाठ केली. तिच्यात बटणं होती, तास-मिनिटं होती. पण पीठ कसं दिसलं पाहिजे, हाताला कसं लागलं पाहिजे, हे कुठेच नव्हतं. म्हणून मग आम्ही मागे गेलो. हे मशीन मुळात कुणी केलं आणि त्यांना ते कसं जमलं, हे शोधायला लागलो. त्या शोधात पहिला भेटला तो 'पाव' हा शब्द.

लहानपणी आम्हाला घरात सांगायचे की पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. कुणी सांगायचे, चार तुकड्यांतला एक म्हणून पाव. दोन्ही खरं नाही. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पांव'च्या जवळ जाणारा शब्द आहे, त्यावरून आपला पाव आला. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं. त्यांना रोजच्या जेवणाला ब्रेड हवा होता, पण पीठ फुगवायला त्यांच्याकडचं खमीर इथे मिळेना. तेव्हा माडाची ताडी, म्हणजे गोव्यातली सूर, कामी आली. ताडी झाडावरून उतरल्याबरोबर आंबायला लागते. तिच्यात जिवंत यीस्ट असतं. ती पिठात घालून पाव फुगवायची रीत गोव्यातल्या पोदेरांनी, म्हणजे पाव करणाऱ्यांनी, बसवली. कोंडा लावलेली पोई आणि कडक उंडो ही त्याच भट्टीची लेकरं.

तोच शब्द पुढे समुद्रावरून आणखी लांब गेला. 1543 मध्ये पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. पुढे गोव्याहून मलाक्का, मकाव अशी मजल करत त्यांची जहाजं नागासाकीला जाऊ लागली. जपानी भाषेत आजही ब्रेडला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच घरचे. गंमत म्हणजे तिथेही तीच अडचण आली आणि तसाच मार्ग निघाला. टोक्योतल्या किमुराया नावाच्या दुकानाने 1874 मध्ये पानात लाल घेवड्यासारख्या अझुकी दाण्यांचं गोड पुरण भरलं आणि पीठ फुगवायला तांदळापासूनचं, साके दारूच्या जातीचं आंबवण वापरलं. गोव्यात ताडी, जपानात तांदूळ. जे घराजवळ आंबत होतं, त्यानेच परका पदार्थ आपलासा केला.

आपल्याकडे घाटावर मात्र पाव घरचा झाला नाही. त्याला कारण पिठाचं नव्हतं, हाताचं होतं. पाव कुणाच्या हातचा, हा प्रश्न होता. मुंबईत 1849 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा हा सभेचा हेतू. सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. विचार करा, पावाचा एक तुकडा खाणं ही तेव्हा केवढी छातीची गोष्ट होती. सभा गुप्तपणे चाले. 1860 मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. एका तुकड्याची एवढी धास्ती होती.

पुढे मुंबईत गोव्याचे आणि इराणी बेकर आले, गिरणीच्या पाळीला चहा-पाव मिळू लागला, आणि ती धास्ती हळूहळू गेली. पण पाव बेकरीतच राहिला. आजीने आईला, आईने आपल्याला भाकरी थापायला शिकवली, पुरणाची कणीक तिंबायला शिकवली. पाव कुणी शिकवला नाही. म्हणून ब्रेड मशीन समोर आल्यावर आमची अशी समजूत झाली, की इथे आपल्या हाताला काही कळणार नाही, पुस्तिका सांगेल तेच खरं. आमची चूक इथे झाली होती. पण ती कळायला जपानची गोष्ट ऐकावी लागली.

पीठ मळायचं यंत्र तसं जुनं आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात जन्मलेले जोसेफ ली पुढे बॉस्टनकडे हॉटेलं चालवू लागले. हाताने मळण्यात जाणारा वेळ आणि माणूसबळ त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांनी मळणी यंत्र तयार केलं आणि 1894 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पण अशी यंत्रं मोठ्या स्वयंपाकघरांची. मळणं, फुगवणं आणि भाजणं एकाच डब्यात करणारं घरगुती मशीन यायला आणखी नव्वदेक वर्षं गेली, आणि ते आलं भात खाणाऱ्या जपानात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या शाळांमध्ये मुलांना दुपारच्या जेवणात ब्रेड मिळू लागला. ती पिढी मोठी झाली तोवर ब्रेड घराघरांत सकाळच्या न्याहारीला पोचला होता. 1983 मध्ये ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीने, जिला आज आपण पॅनासोनिक म्हणून ओळखतो, आपले तीन विभाग एकत्र केले. एक विभाग भाताचे कुकर करायचा, दुसरा टोस्टरसारखी तापवणारी उपकरणं, तिसरा मिक्सरसारखी फिरणारी. नोकरी करणाऱ्या बायका वाढत होत्या, घरच्या स्वयंपाकाला वेळ कमी पडत होता. तापवणं, फिरवणं आणि वेळ सांभाळणं ही तिन्ही कामं आपल्याला येतात, तर मग ब्रेड का नको, असा विचार पुढे आला.

मशीन तयार झालं, आणि ऐका मैत्रिणींनो, त्यातला ब्रेड बाहेरून जास्त भाजला जायचा आणि आतून कच्चा राहायचा. अगदी आमच्या तिसऱ्या ब्रेडसारखा! मोठमोठे अभियंते कामाला लागले. मशीनने मळलेलं पीठ आणि बेकरने मळलेलं पीठ यांचे क्ष-किरण फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले. तरी काही उलगडेना.

त्या गटात इकुको तनाका नावाच्या एक बाई होत्या. त्यांचं काम सॉफ्टवेअरचं, बेकरीचं नव्हे. त्यांनी सुचवलं, की ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड शहरात नावाजलेला आहे, तर तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली जाऊन शिकू या. त्या गेल्या आणि शिकल्या. बेकर पीठ नुसतं दाबत नव्हता, तर एका विशिष्ट तऱ्हेने ताणत होता, ताणताना पीळ देत होता. ते पाहिल्यावर अभियंत्यांबरोबर वर्षभर खटपट झाली. मशीनच्या भांड्याला आतून उभ्या पट्ट्या बसवल्या. पातं पीठ फिरवतं, पट्टी त्याला अडवते, आणि त्या ओढाताणीत पिठाला तोच पीळ बसतो. तुमच्या मशीनच्या भांड्यात आत हात फिरवून पाहा. असा उंचवटा लागला, तर तो त्या हाताची आठवण आहे असं समजा.

दुसरी अडचण हवेची होती. जपानात थंडीही कडक आणि उन्हाळाही. गरम दिवसांत पीठ लवकर फुगून जायचं. त्यावर त्यांना जुन्या काळची रीत सापडली. तापमान सांभाळायची सोय नव्हती तेव्हा यीस्ट सुरुवातीला न घालता पीठ मळून झाल्यावर घालत. तेच मशीनमध्ये आणलं. 1987 मध्ये 'होम बेकरी' नावाने मशीन बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षी पाच लाखांहून जास्त विकलं गेलं. इकुजिरो नोनाका या अभ्यासकांनी 1991 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ही गोष्ट लिहिली. हाताला असलेलं आणि शब्दांत न मांडलेलं ज्ञान सगळ्यांच्या उपयोगाला कसं आणावं, याचं उदाहरण म्हणून ती आता मोठमोठ्या संस्थांत शिकवतात. त्या लेखात तनाकाबाईंचं नाव आहे. ज्याच्या हातातून हे सगळं आलं, त्याला लेख नुसता 'मुख्य बेकर' म्हणतो.

ही गोष्ट आम्ही बैठकीत वाचून दाखवली. वाचून झाल्यावर आमची नजर कोपऱ्यात बसलेल्या मावशींकडे गेली. मावशींना सही येते, वाचता येत नाही. लग्नाकार्यात शंभर माणसांच्या पुरणपोळीची कणीक त्याच तिंबतात. तीन ब्रेड बिघडले, पण मावशींना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मशीनचं काम म्हणजे वाचता येणाऱ्यांचं काम, असं आम्हीच धरून चाललो होतो. कुणी मुद्दाम केलं नाही, पण झालं खरं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मशीन मळत असताना झाकण उघडायला लावलं, दोन बोटांनी पीठ दाबलं आणि म्हणाल्या, "अगं, कणीक भिजलीच नाही अजून. तहानलेली आहे. पाणी दे, आणि पडू दे जरा." मग विचारलं, "ते फुगायचं औषध आत्ताच कशाला घालता? आधी कणीक तर होऊ दे." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ओसाकात जे शोधून काढलं, ते या बाईंनी पोळपाटाशी बसून कधीच जाणलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही काय करतो, ते सांगतो. लिहून घ्या.

आधी वजन. वाटी-पेल्याच्या अंदाजाने घालू नका, साधा वजनकाटा घ्या. मशीनला अंदाज नसतो, जे घालाल तेच ते मळतं. आमचं प्रमाण असं: मैदा 300 ग्रॅम, चक्कीवरची लोकवन गव्हाची कणीक 100 ग्रॅम, पाणी 260 मिलिलिटर, मीठ 7 ग्रॅम, साखर 15 ग्रॅम, तेल 20 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम. चक्कीच्या दगडाखाली गव्हातला पिष्टाचा कण फुटतो, म्हणून कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. कणीक वाढवाल तर पाणी चमच्या-चमच्याने वाढवा. तुमचं मशीन लहान असेल तर पुस्तिकेत दिलेल्या पिठाच्या मर्यादेत सगळं त्याच हिशेबाने कमी करा.

मग भिजवण. यीस्ट सोडून सगळं भांड्यात घाला, पाच मिनिटं मळू द्या, मशीन बंद करा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग वर यीस्ट पसरा आणि कार्यक्रम पहिल्यापासून लावा. गव्हातल्या प्रथिनांना पाणी मिळालं की त्यांची जाळी तयार होते, त्यालाच आपण पिठाला तार आली म्हणतो. यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं आणि ही जाळी तो वायू धरून ठेवते. जाळी तयार नसेल तर वीट होते. जाळी कमजोर असेल, पाणी जास्त झालं असेल किंवा पीठ फार वेळ फुगलं असेल, तर मधोमध खड्डा पडतो.

मग नजर. पुन्हा मळायला लागल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडा. मऊ, गुळगुळीत गोळा दिसला पाहिजे, भांड्याच्या बाजू सोडणारा. गोळा तुटत असेल, मशीन खडखडत असेल, तर एक चमचा पाणी. चिखलासारखं पसरत असेल, तर एक चमचा मैदा. बोट दाबून पाहा, मऊ पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल लागलं की झालं. यानंतर मात्र झाकण उघडायचं नाही. फुगताना आणि भाजताना वाफ आणि ऊब आतच राहायला हवी.

उन्हाळ्यात माठातलं गार पाणी घ्या आणि यीस्ट 3 ग्रॅमवर आणा. थंडीत पाणी कोमट घ्या, पण बोटाला चटका बसेल इतकं गरम नको, नाहीतर यीस्ट मरतं. मीठ विसरू नका, ते चवीला लागतंच, शिवाय यीस्टला आवरतं. यीस्टचा पुडा फोडल्यावर हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवा.

वीज गेली तर घाबरू नका. काही मशीनना थोडी मिनिटं आठवण राहते, काहींना नाही. वीज लवकर येईना तर पीठ बाहेर काढा, तेल लावलेल्या डब्यात फुगू द्या, आणि जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजा. आपल्या आयांनी नानकटाई अशीच भाजली आहे.

झाल्याची खूण वाजली की ब्रेड लगेच भांड्यातून काढा आणि जाळीवर ठेवा, आत राहिला तर घाम येऊन ओला होतो. निदान तासभर कापू नका. गरम कापलेला ब्रेड आत चिकट लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं. आमचे काही ब्रेड कच्चे नव्हतेच, आम्हाला धीर नव्हता.

पुष्कळ जणी विचारतात, ज्वारीचा ब्रेड होईल का? ज्वारीत गव्हासारखी जाळी होत नाही, म्हणूनच भाकरी उकळत्या पाण्याने मळतात आणि थापतात. एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ज्वारी घातली तर चव छान येते, पुढे ब्रेड बसतो. जपानात 2010 मध्ये सान्यो कंपनीने तांदळाच्या दाण्यांपासून ब्रेड करणारं 'गोपान' नावाचं मशीन काढलं होतं. मागणी इतकी आली की नवीन नोंदणी थांबवावी लागली. पण त्यातही नेहमीच्या कृतीत गव्हातली ती जाळी, म्हणजे ग्लुटेन, वेगळी घालावी लागे.

आता आमचा हिशेब. रोज दोन ब्रेड जातात, शनिवारी तीन. मशीनमध्ये एका वेळी एकच होतो आणि त्याला तीन-साडेतीन तास लागतात. म्हणजे या मशीनवर बेकरी उभी राहत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण हप्ता सुटतो. सात हप्ते भरले आहेत. मशीन विकायचा विषय ज्यांनी काढला होता, त्यांच्यातलीच एक आता सकाळचा ब्रेड लावते.

दुसऱ्या गटाच्या बायका शिकायला येतात तेव्हा मावशी शिकवतात आणि त्याचं मानधन मावशींना मिळतं, असा ठराव आम्ही केला आहे. मावशी सांगतात, आम्ही लिहितो. बोटाला कसं लागलं, पाणी किती वाढवलं, त्या दिवशी ऊन किती होतं, सगळं वहीत आहे. रेडिओवर आपलं नाव घेऊ नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून घेत नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर ते पूर्ण लिहिलेलं आहे, आणि खाली त्यांची सही आहे.

तुमच्याही गटात अशी एखादी मावशी कोपऱ्यात बसलेली असेल. पुढचं मशीन घ्याल तेव्हा पुस्तिका उघडायच्या आधी तिला जवळ बोलवा.